न्यू जर्सीहून शार्कच्या मासेमारीसाठी खासगी बोट ठरवताना

आपण विचारले आहे की जुलैच्या पहिल्या आठवड्यात एडिसनहून आपल्यासह सहा मित्र, मालवणहून आलेले आपले वडील आणि बारा वर्षांचा मुलगा अशा आठ जणांसाठी खासगी बोट करून शार्कच्या मासेमारीला जायचे असेल तर बोट कोणती निवडावी, खर्च किती येईल आणि पकडलेल्या माशाचे कालवण घरी करता येईल का. माझे मत आधीच सांगतो. या किनाऱ्यावर आज शार्कची फेरी ही मुख्यतः मासा पकडून जिवंत सोडण्याची फेरी आहे. त्यामुळे बोट निवडताना कप्तानाने किती मोठे मासे धक्क्यावर टांगले याची छायाचित्रे पाहू नका. तो मासा पाण्यात कसा हाताळतो आणि कसा सोडतो, हे पाहा. बाकीचे बहुतेक निर्णय यातूनच सुटतात.

प्रथम माणसांच्या संख्येविषयी, कारण आपला बेत येथेच अडणार आहे. मॅनास्क्वान, पॉइंट प्लेझंट, बेलमार किंवा अटलांटिक हायलँड्स येथून सुटणाऱ्या बहुतेक लहान भाडोत्री बोटींना ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. तटरक्षक दलाच्या परवान्यानुसार त्यांना पैसे घेऊन सहापेक्षा अधिक प्रवासी नेता येत नाहीत आणि लहान मूलही त्या सहांत मोजले जाते. आठ जणांसाठी तटरक्षक दलाने तपासलेली, तसे प्रमाणपत्र असलेली मोठी बोट घ्यावी लागेल किंवा दोन गट करावे लागतील. एखादा कप्तान ‘दोघे जास्त झाले तरी चालेल’ असे म्हणाला, तर त्याच्याबरोबर जाऊ नये. जो हा नियम मोडतो, तो समुद्रावर आणखी कोणता मोडेल याची खात्री देता येत नाही.

तारखेबद्दल माझा आग्रह असा की शक्य असल्यास जुलैऐवजी जूनचा मधला काळ धरावा. वसंतात पाणी तापू लागले की निळे, थ्रेशर आणि माको या जातींचे शार्क बंकर व ब्लूफिश या माशांच्या थव्यांमागून आपल्या किनाऱ्यासमोर येतात. पाणी फार तापल्यावर निळे शार्क थंड पाण्याकडे, दूर आणि उत्तरेकडे सरकतात आणि किनाऱ्याजवळ सँडबार व डस्की यांचे प्रमाण वाढते. या दोन्ही जाती ठेवण्यास मनाई आहे. शिवाय जूनमध्ये वीस-तीस मैलांवर काम होऊ शकते. हडसन नदीच्या बुडालेल्या प्राचीन पात्राचा जो खोलगट भाग येथे ‘मड होल’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या कडांवर पिढ्यान्‌पिढ्या ही मासेमारी चालत आली आहे. मूळ हडसन कॅन्यन मात्र न्यूयॉर्कपासून सुमारे शंभर मैलांवर सुरू होतो. वृद्ध आणि मूल बरोबर असताना तेथे जाण्याचा विचार करू नये.

आता नियम. अटलांटिकमधील शार्कचे नियम केंद्र सरकारची नोआ फिशरीज ही संस्था ठरवते. भाडोत्री बोटीजवळ दूरगामी स्थलांतरी माशांसाठीचा चार्टर परवाना आणि त्यावर शार्कसाठीची वेगळी नोंद असावी लागते, आणि ती नोंद मिळवताना जाती ओळखण्याची छोटी परीक्षा द्यावी लागते. असा परवाना असलेल्या बोटीवर प्रवाशांना वेगळी कागदपत्रे लागत नाहीत. मोठ्या शार्कपैकी संपूर्ण बोटीला एका फेरीत एकच मासा ठेवता येतो, माणशी एक नव्हे. बहुतेक परवानगीप्राप्त जातींसाठी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत किमान 54 इंच, तर हातोडी शार्कसाठी 78 इंच लांबी लागते. मासा ठेवला तर त्याचे डोके, पर आणि शेपटी धक्क्याला लागेपर्यंत धडाला जोडलेलेच असावे लागतात. कोणतेही आमिष वापरताना सर्कल हुक, म्हणजे ज्याचे टोक दांड्याकडे आत वळलेले असते असा गळ, बंधनकारक आहे आणि तो गंजणाऱ्या धातूचा असावा लागतो, स्टेनलेसचा नाही.

ज्या माशासाठी ही मासेमारी गाजली, तो आखूड परांचा माको 5 जुलै 2022 पासून मुळीच ठेवता येत नाही. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. माकोची मादी वयात यायला जवळजवळ दोन दशके घेते; तोपर्यंत ती जाळी, लांब दोऱ्यांचे गळ आणि आपल्यासारख्यांचे रॉड यांतून वाचली तरच पुढची पिढी जन्मते. उत्तर अटलांटिकमधला साठा खालावल्याचे वैज्ञानिक अनेक वर्षे सांगत होते. ‘पूर्वी आम्ही माको घरी नेत असू’ असे धक्क्यावर अजून ऐकू येते. ते खरे आहे, पण साठा खालावण्यात त्या सवयीचाही वाटा आहे. मोठा पांढरा शार्क तर 1997 पासून संरक्षित आहे, आणि त्याची पिल्ले नेमकी न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या समोरच्या पाण्यात वाढतात. चार-पाच फुटांचे पांढऱ्या शार्कचे पिल्लू आणि माको यांत नवख्याची फसगत सहज होते. माकोचे दात लांब, बारीक आणि तोंड मिटले तरी बाहेर दिसणारे असतात; पांढऱ्याचे त्रिकोणी आणि करवतीच्या धारेचे. ओळख पटत नसेल तर मासा सोडून द्यायचा, हा कप्तानाचा निरपवाद नियम असला पाहिजे.

कप्तानाशी फोनवर बोलताना मी पुढील गोष्टी काढतो आणि उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची पद्धत अधिक लक्षपूर्वक ऐकतो. लीडर, म्हणजे गळाला जोडलेली शेवटची मजबूत तार, कापण्यासाठी लांब दांड्याची कात्री किंवा गळ काढण्याचे लांब साधन बोटीवर आहे का? सोडायचा मासा छायाचित्रासाठी वर उचलता का? जो मासा ठेवायचा नाही तो पाण्याबाहेर न काढता सोडावा असा नियमच आहे. तरीही ‘एक फोटो काढू की’ असे उत्तर आले तर मी दुसरी बोट शोधतो. हवामान बिघडले तर अनामत परत मिळते की तारीख बदलून मिळते, आणि ‘जायचे की नाही’ हे कोण ठरवते? हा निर्णय कप्तानाचाच असावा आणि आदल्या संध्याकाळी त्याने तो स्पष्टपणे कळवावा. आपणही लाँग आयलंडच्या दक्षिणेकडील 44025 क्रमांकाच्या तरंगत्या हवामान केंद्राची नोंद पाहत जा. केवळ लाटेची उंची पाहू नका. दोन लाटांमधील कालावधीही पाहा. चार फुटांची लाट नऊ सेकंदांनी येत असेल तर दिवस सुसह्य जातो; तीच पाच सेकंदांनी येत असेल तर माणसे दिवसभर आडवी पडतात.

हे मुद्दाम सांगतो, कारण शार्कच्या मासेमारीत बोट चालत नसते. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर इंजिन बंद करतात, गोठवलेल्या बंकर किंवा मॅकरेलच्या खिम्याची छिद्रे पाडलेली बादली बाजूला पाण्यात सोडतात आणि वारा-प्रवाहाबरोबर बोट वाहू देतात. खिमा हळूहळू विरघळून तेलाचा लांबच लांब पट्टा मागे पसरतो आणि शार्क त्या वासाचा माग काढत येतो. पट्टा तुटला तर माग तुटतो, म्हणून कप्तान सारखी जागा बदलत नाही. त्यामुळे बोट आडवी होऊन लाटांवर डोलत राहते, वर खिम्याचा वास असतो, आणि एरवी समुद्राची सवय असणाऱ्यांनाही मळमळते. आपल्या वडिलांचे आयुष्य समुद्राशेजारी गेले असले तरी त्यांना आणि मुलाला उलटीवरील औषध डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच द्यावे. मळमळ सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट बोटीवर आहे का, हे आधी विचारून ठेवा आणि ते त्याच्या अंगावरून काढू देऊ नका.

आमिषे साधारण तीन खोलींवर सोडतात: एक दूर आणि खोल, एक मध्ये, एक बोटीजवळ वर. दूरच्या दोऱ्यांना पुष्कळ बोटींवर रबरी फुगे बांधतात; ते तुटून समुद्रात राहतात आणि समुद्रकासवांच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून परत वापरता येणारे फ्लोट लावावेत अशी विनंती मी करतो आणि चांगले कप्तान ती मानतात. मासा लागला की रॉड जोराने झटकण्याची सवय असणाऱ्यांनी ती येथे बाजूला ठेवावी. सर्कल हुकला झटका दिला तर तो तोंडातून निसटतो. दोरी ताणली जाऊ द्यावी आणि शांतपणे रील फिरवू लागावे, म्हणजे गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. पोटात गेलेल्या गळाने मेलेले शार्क कोणी मोजत नाही. लाँग आयलंडवरील मॉन्टॉकचे प्रसिद्ध कप्तान फ्रँक मुंडस 1986 मध्ये पकडलेल्या 3,427 पौंडांच्या पांढऱ्या शार्कसाठी ओळखले जातात, आणि त्यांनीच उत्तरायुष्यात सर्कल हुक वापरण्याचा व मासे सोडून देण्याचा प्रचार केला, याची आठवण मी नव्या लोकांना आवर्जून देतो.

पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. माको आणि थ्रेशर पोहत राहिले तरच त्यांच्या कल्ल्यांतून पुरेसे पाणी वाहते; लांबलेली झुंज त्यांना आतून थकवते आणि सोडल्यानंतर तासाभराने ते तळाशी जाऊन मरू शकतात. म्हणून हलका रॉड घेऊन ‘खेळ लांबवणे’ हे मला क्रूर वाटते. पुरेसे जड साहित्य मागा, कमरेचा पट्टा वापरा, आणि वडील थकले तर रॉड लगेच दुसऱ्याकडे द्या. थ्रेशर आपल्या धडाइतक्या लांब शेपटीने भक्ष्याला फटका मारतो, त्यामुळे कधीकधी गळ शेपटीतच रुततो. असा मासा उलटा ओढला जातो, त्याला श्वास घेता येत नाही, आणि त्याला लवकरात लवकर कापून सोडणेच योग्य असते. बोटीजवळ आल्यावर लीडर फक्त कप्तानाने किंवा त्याच्या मदतनिसाने हातात धरावा. बाकीच्यांनी दोन पावले मागे राहावे, विशेषतः मुलाने. निळा शार्क लीडरमध्ये स्वतःला गुंडाळून घेतो, माको पाण्याबाहेर अनेक फूट उडी घेतो, आणि थ्रेशरची शेपटी माणसाला गंभीर इजा करू शकते. गळ सहज निघत नसेल तर त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन लीडर कापावा. मागे लोंबणारी लांब तार माशाला नंतर त्रास देते.

सोडण्याआधी खूण लावण्याची सोय आहे का, हेही विचारा. नोआचा सहकारी शार्क-खूण उपक्रम 1962 मध्ये आपल्याच राज्यातल्या सँडी हूक येथील प्रयोगशाळेतून जॅक केसी यांनी सुरू केला. शार्कच्या पाठीवर लावलेली ही लहानशी खूण नंतर दुसऱ्या कोणाला सापडली की स्थलांतर आणि वाढ यांची माहिती मिळते. निळे शार्क अटलांटिक ओलांडून पलीकडे जातात, हे अशाच खुणांनी स्पष्ट केले. एक सँडबार शार्क तर खूण लावल्यानंतर 27 वर्षांहून अधिक काळाने पुन्हा सापडला. बारा वर्षांच्या मुलाने आपल्या हाताने त्या कार्डावर जात, अंदाजे लांबी आणि ठिकाण लिहिले, तर त्याला त्या दिवसाचे मोल धक्क्यावरच्या कोणत्याही छायाचित्रापेक्षा अधिक कळेल.

खर्चाविषयी थोडक्यात. पूर्ण दिवसाच्या सहा जणांच्या बोटीला दोन हजार डॉलरच्या आगेमागे भाडे पडते आणि इंधनाचे वेगळे पैसे आहेत का हे आधी ठरवून घ्यावे. मदतनिसाला भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी देण्याची येथे रीत आहे. दिवसभराचे सर्वांत कष्टाचे काम तोच करतो.

राहिला कालवणाचा प्रश्न. निळ्या शार्कचे मांस चांगले लागत नाही. तो ठेवूच नये. थ्रेशर खाण्यास उत्तम, पण शंभर-दोनशे पौंडांचा मासा आठ जणांच्या घरांत संपत नाही, आणि शार्कमध्ये पारा अधिक असल्याने गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी तो टाळावा असे अन्न व औषध प्रशासनाचे स्पष्ट सांगणे आहे. वडिलांना मोरीची, म्हणजे लहान शार्कची, चव हवी असेल, तर त्यासाठी किनाऱ्याजवळ मिळणारा स्मूथ डॉगफिश हा लहान शार्क पाहावा. तो आपल्या मुशीच्या जवळचा आहे, त्याला वरील 54 इंचांची अट लागू नाही, आणि तो साध्या अर्ध्या दिवसाच्या बोटीवरही मिळतो. मात्र जाण्याच्या आठवड्यात नोआ आणि राज्याचे नियम एकदा पाहून घ्या, कारण ते मधूनमधून बदलतात. मासा वर येताच त्याचे रक्त काढून, पोट साफ करून तो बर्फात घालायला सांगा. शार्कच्या अंगात युरिया असतो आणि उशीर झाला तर त्याचा अमोनिया होऊन वास धरतो; मग कितीही आगळ आणि तिरफळे घातली तरी तो जात नाही.