विकास झाला की विषमता आपोआप घटते का?

प्रश्न : देशाचे उत्पन्न वाढू लागले की सुरुवातीला विषमता वाढते आणि पुढे ती आपोआप कमी होते, असे वाचनात आले. इतिहास याला दुजोरा देतो का?

उत्तर : आपण वाचलेले मत अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये मांडले होते. आपल्या निबंधात आधार असलेली माहिती जेमतेम पाच टक्के असून उरलेले पंच्याण्णव टक्के अनुमान आहे, हेही त्यांनी त्यातच कबूल केले होते. पुढे विषमता आधी चढते आणि मग उतरते असे दाखवणारी त्यांची वक्ररेषा गाजली आणि कबुली मागे पडली. मला त्यातला ‘आपोआप’ हा शब्द खटकतो.

चौदाव्या शतकातले उदाहरण घ्या. १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने युरोपातील निदान एक तृतीयांश माणसे गेली आणि काम करणारे हात कमी पडल्यामुळे मजूर जास्त मजुरी मागू लागले. इंग्लंडमध्ये १३५१ च्या कायद्याने जुने दर सक्तीचे केले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणी करणाऱ्याला दिवसाला दोन पेनी आणि दुसऱ्या आठवड्यात तीन, इतका बारीक हिशेब त्यात होता. पण पीक शेतात उभे असताना कायद्याकडे बघत बसणे जमीनमालकांनाच परवडेना, आणि कालांतराने मजुरी वाढलीच. पूर्व युरोपात मात्र मजुरांची वानवा असूनही पुढच्या दोन शतकांत सरंजामदारांनी शेतकऱ्यांना जमिनीशी जखडून भूदास केले, कारण तिथे त्यांना अडवेल अशी शहरे किंवा राजसत्ता पुरेशी प्रबळ नव्हती. टंचाई दोन्हीकडे होती, फळ मात्र उलटे मिळाले.

यंत्रयुगातही हेच दिसते. ब्रिटनमध्ये सूतकताई आधी यंत्रावर गेली, सूत स्वस्त आणि मुबलक झाले, आणि ते विणायला माणसे अपुरी पडल्याने हातमागावरच्या विणकरांना काही वर्षे बरे दिवस आले. मग यंत्रमाग पसरले आणि १८३० पर्यंत त्याच विणकरांची कमाई निम्म्याहूनही खाली घसरली. एका प्रचलित अंदाजानुसार १७८० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये दर कामगारामागचे उत्पादन सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले, तर महागाई वजा जाता मजुरी जेमतेम १२ टक्क्यांनी. मधला वाटा बहुतांशी भांडवलाकडे गेला. याच काळात, १७९९ पासून १८२४ पर्यंत, कामगारांनी संघटित होणे हा तिथे गुन्हा होता, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यात श्रीमंत देशांतील विषमता खरोखरच घटली, पण त्यामागे दोन महायुद्धांत बुडालेली संपत्ती, मताधिकार, कामगार संघटना आणि जबर करआकारणी होती. अमेरिकेत १९४४ मध्ये उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर ९४ टक्के कर होता. १९८८ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला. तोवर तिथली विषमता पुन्हा चढणीला लागली होती, आणि देश तर तेव्हाही श्रीमंतच होत होता.