जर्मनीत ब्लू कार्डवर येताना

ब्लू कार्ड म्हणजे उच्चकुशल परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना. त्यासाठी नोकरीचा करार आणि व्हिसा हाती आला म्हणजे काम झाले, असे समजू नका. घरात राहायला गेल्यापासून २ आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो; नुसता भाडेकरार पुरत नाही. माझ्या घरमालकाने चालढकल केल्यामुळे ठरलेली वेळ हुकली, म्हणून किल्ली घेतानाच तो कागद मागून घ्या. निवास परवान्याचा अर्ज व्हिसा संपण्यापूर्वीच करा. निर्णय लांबला, तर तोवरच्या वास्तव्यासाठी 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' हे तात्पुरते प्रमाणपत्र मिळते (त्याचा उच्चार जमेपर्यंत बहुधा कार्डच येते). जर्मन मात्र लगेच शिकायला घ्या, कारण इतर अटी पूर्ण असल्यास कायम वास्तव्याचा परवाना जर्मनच्या ए१ (अगदी प्राथमिक) पातळीवर २७ महिन्यांनी, तर बी१ (मध्यम) पातळी असल्यास २१ महिन्यांनीच मिळू शकतो.