तोफखान्यात निघालेल्या पोराला

बाळ, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळे आपल्या खानापूर-निपाणीकडे फौज म्हटली की पायदळच डोळ्यांपुढे येतं. तू तोफखाना मागितलास, मला मनापासून आनंद झाला.

देवळालीला तोफखान्याच्या शाळेत यंग ऑफिसर्स कोर्स होईल, तिथलं गणित मन लावून कर. पण युद्धात तरुण अधिकारी बऱ्याचदा तोफेपाशी नसतोच. ओपी अधिकारी, म्हणजे गोळे कुठे पडतात ते पाहून तोफांना दुरुस्ती सांगणारा निरीक्षक, म्हणून तो दुर्बीण आणि रेडिओ घेऊन पायदळाच्या कंपनीबरोबर पुढे चढतो. गोळा अलीकडे पडला तर ४०० मीटर वाढव, मग पलीकडे गेला तर २०० कमी कर, असं निम्म्यानिम्म्याने अंतर आवळत लक्ष्यावर यायचं. तेव्हा आपलीच पोरं त्याच उतारावर असतात. नकाशावर स्वतःची जागा चुकली की सगळंच चुकलं.

१९९९ ला कारगिलमध्ये १५५ मिमी बोफोर्सने हेच काम केलं. उंचावरच्या विरळ हवेत गोळा लांब जातो, त्यामुळे मैदानातला हिशेब तिथे तसाच लागू पडत नाही. द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ नाव मिळालं, ते गनर्सच्या त्या कामगिरीसाठीच.

जायच्या आधी येळ्ळूरच्या राजहंसगडावर नकाशा आणि कंपास घेऊन बस. खालच्या एखाद्या देवळाचं अंतर आधी नजरेने सांग, मग नकाशावर मोज. धुकं असेल त्या दिवशीही जा. आणि युनिटमध्ये गेलास की जुन्या हवालदारांना विचारायला लाजू नकोस.