क्रूझची तुलना करताय? आधी बुकिंगचा कागद मागा

ताई, दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे आणि मुलांना घेऊन क्रूझला जायचंय, सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन, सिंगापूरहूनच गेंटिंग ड्रीम आणि मुंबईहून कॉर्डेलिया अशी तीन कोटेशनं हातात आहेत, आणि जेवण, सर्व्हिस, फायदे यांत कोण सरस ते ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल खाली सांगतेच. पण तुमच्या पोस्टच्या शेवटी एक ओळ आहे: ‘सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत हे सांगितलं, तर एजंट म्हणाले, ते बोटीवर गेल्यावर सांगा, सगळं करून देतात.’ ती वाचली आणि राहवलं नाही. पुण्यातल्या एका जुन्या, नावाजलेल्या ऑफिसात हेच वाक्य मी अनेकदा ऐकलंय. त्यापायी आम्हाला जेवढा मनस्ताप झाला, तेवढा समुद्र खवळल्यानेही झाला नाही.

पासपोर्ट, इन्शुरन्स, कपडे यांवर लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. मी एजंट नाही, कुठल्या कंपनीशी माझा संबंध नाही. मेनू आणि नियम दर हंगामाला बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी स्वतः खात्री करून घ्या.

आमच्या क्रूझलाही, तुमच्यासारख्याच, दोन केबिन होत्या. एकीत सासू-सासरे, दुसरीत आम्ही दोघं आणि मुलगा. कोटेशन एक, चेक एक. तरी त्या ऑफिसने दोन वेगळे बुकिंग नंबर काढले आणि ते एकमेकांना जोडलेच नाहीत. कंपनीच्या लेखी आम्ही दोन अनोळखी कुटुंबं झालो. मोठ्या बोटींवर मेन डायनिंगमध्ये बहुधा दोन पाळ्या असतात, एक साडेपाच-सहाची आणि दुसरी आठच्या आसपासची. सासू-सासऱ्यांना लवकरची पाळी मिळाली, आम्हाला उशिराची. त्यात दिवाळी कार्तिकी एकादशीच्या आधी येते, म्हणजे चातुर्मास चालूच. सासूबाईंचं कांदा-लसूण-वांगं बंद. हे बुकिंगच्या दिवशीच सांगितलं होतं आणि समोरच्या माणसाने ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

निघायच्या बऱ्याच आधी क्रूझ कंपनीच्या ॲपमध्ये जेवणाच्या वेळा वेगळ्या दिसल्या, म्हणून ऑफिसला फोन केला. ‘बोटीवर गेल्यावर सांगा.’ मग थेट क्रूझ कंपनीला फोन केला. तिथली मुलगी नीट बोलली, पण म्हणाली की बुकिंग एजन्सीमार्फत झालंय, त्यात बदल फक्त एजन्सीच करू शकते. हा नियम बहुतेक सगळ्या कंपन्यांचा आहे आणि तो लपवलेलाही नसतो. परत ऑफिसात गेले. ‘मॅडम, आमची मुंबईची टीम बघतेय.’ ती मुंबईची टीम म्हणजे त्यांची माणसं नव्हेतच, ती घाऊक बुकिंग करणारी तिसरीच कंपनी, हे मला फार उशिरा कळलं. पुण्यातली कितीतरी छोटी ऑफिसं अशीच चालतात. तुम्ही पुण्यात सांगता, पुणं मुंबईला मेल टाकतं, मुंबई क्रूझ कंपनीच्या भारतातल्या प्रतिनिधीला कळवते. या साखळीत ‘कांदा-लसूण नको’ कुठे गळून पडलं, हे विचारायला गेलं तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

बोटीवर चढल्या दुपारी सगळ्यांच्या आधी डायनिंग हॉलच्या दाराशी जाऊन रांगेत उभे राहिले. हेड वेटरने टॅबलेटवर दोन्ही बुकिंग उघडून माझ्यासमोर धरली. खास आहाराच्या रकान्यात काहीही नव्हतं. एक अक्षर नाही. सुट्टीचा आठवडा, बोट भरलेली, त्या रात्री टेबल बदलून मिळणं शक्य नव्हतं. सासूबाईंसमोर भारतीय शाकाहारी म्हणून जी डाळ आणि पनीरची भाजी आली, त्या दोन्हींत कांदा. त्यांनी लोणी लावलेला पाव आणि पपईच्या चार फोडी खाल्ल्या, वर ‘मला भूकच नव्हती’ असं आम्हालाच समजावलं. मला आजही त्याचा राग येतो, आणि तो राग बोटीवरच्या कुणावर नाही. त्याच हेड वेटरने रात्री जेवणं आटोपल्यावर उद्याचा मेनू आणून विचारलं, यातलं काय चालेल, काय वेगळं करू? दुसऱ्या दिवसापासून जिऱ्याच्या फोडणीची बटाट्याची भाजी, साधं वरण, भात, दही असं सगळं नीट आलं. खास आहार नोंदवलेल्या पाहुण्यांसाठी असा आदल्या रात्री पुढच्या दिवसाचा मेनू दाखवण्याची पद्धत बऱ्याच बोटींवर आहे. म्हणजे किचन करायला तयार असतं, फक्त त्यांना आधी कळायला हवं. डाळ-भाज्यांचं वाटण मोठ्या भांड्यांत आधीच झालेलं असतं. ऐन वेळी त्यातून कांदा कोण काढणार?

टिप्सचं आणखी वेगळं. त्या ऑफिसच्या कोटेशनमध्ये ‘टिप्ससहित’ असं छापलेलं होतं आणि तेवढे रुपये घेतलेही होते. शेवटच्या रात्री केबिनचं बिल आलं, त्यात दर माणशी दर रात्रीची टिप लागलेली. म्हणजे पैसे कंपनीपर्यंत गेलेच नव्हते. रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनला दर माणशी दर दिवशी १८ डॉलरच्या आसपास धरा. पाच माणसं आणि चार रात्री म्हटलं तर साडेतीनशे डॉलरच्या पुढे जातं. मुलांचीही टिप लागते, हेही लक्षात ठेवा. परत आल्यावर ते पैसे मागायला किती खेटे घातले ते लिहीत बसत नाही. ‘बिलाची मूळ प्रत आणा’, ‘अकाउंट्सचे साहेब रजेवर आहेत’, शेवटी थोडे परत आले, तेही पुढच्या बुकिंगवर सूट म्हणून. पुढचं बुकिंग त्यांच्याकडे कोण करणार होतं?

म्हणून माझं स्पष्ट मत असं की बोटींची तुलना नंतर करा, आधी बुकिंग कोणाच्या हातात राहणार ते बघा. एजंटने आपल्या लेटरहेडवर दिलेलं कोटेशन चालणार नाही. क्रूझ कंपनीच्या सिस्टिममधून निघालेलं कन्फर्मेशन मागा. त्यावर डायनिंगची वेळ, टिप्स आधी भरल्यात की नाहीत, खास आहाराची नोंद आणि दोन्ही बुकिंग नंबर एकमेकांशी जोडलेत का, हे सगळं दिसतं किंवा विचारता येतं. ‘अजून आलं नाही’ म्हणाले तर बुकिंग नंबर घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये स्वतः टाकून बघा. नंबरच देत नसतील तर माझ्या मते तिथून उठावं. आणि ते ग्रुप बुकिंगमधल्या केबिन देत असतील तर तसं थेट विचारा. ग्रुपमध्ये साधारणपणे सोळा प्रवाशांमागे एक जागा फुकट मिळते, कधी बोटीवर खर्चायला क्रेडिटही मिळतं. ते तुमच्यापर्यंत येणार की ऑफिसकडेच राहणार, हा प्रश्न विचारायला लाजू नका.

आता बोटींकडे येते.

जेवण हा पहिला निकष असेल तर तुमच्या घरासाठी मी गेंटिंग ड्रीम निवडेन. २०१६ची बोट आहे. आधीची कंपनी २०२२च्या सुरुवातीला बुडाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसने ती सिंगापूरहून पुन्हा सुरू केली. भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने असल्यामुळे शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय ते जाहिरातीतच सांगतात. जैन जेवण मागितलं की कांदा-लसणाचा प्रश्नच उरत नाही, शिवाय बटाटाही जातो, तेवढं सासूबाईंना आधी सांगून ठेवा. बऱ्याच केबिनना बाल्कनी आहे. उणी बाजू सांगायची तर सुट्टीच्या दिवसांत बफेवर गर्दी होते, आणि कॅसिनोचं महत्त्व जरा जास्तच जाणवतं.

मेन डायनिंगमधली सर्व्हिस, शो आणि मुलांचं रमणं यांत मात्र रॉयल कॅरिबियन पुढे. एकच वेटर रोज तुमच्या टेबलावर असतो, दुसऱ्या रात्रीपासून त्याला सासऱ्यांचं गरम पाणी सांगावं लागत नाही. भारतीय शाकाहारी पदार्थ रोज असतात, पण कांदा-लसूण विरहित हवं तर नोंद हवीच, तीही दीड-दोन महिने आधी. चॉप्स ग्रिलसारखी वेगळे पैसे भरायची रेस्टॉरंटं आपल्यासारख्या शाकाहारी घराला परवडण्याचं कारण मला दिसत नाही. दोन पदार्थ खाऊन पूर्ण पैसे द्यायचे. खोलीत जेवण मागवलं तरी वेगळे पैसे लागतात, साधा कॉन्टिनेंटल नाश्ता तेवढा फुकट. आणखी एक, केबिनची साफसफाई पूर्वी दिवसातून दोनदा व्हायची, कोविडनंतर साध्या केबिनला एकदाच होते. सकाळी हवी की संध्याकाळी, ते पहिल्याच दिवशी स्टुअर्डला सांगा.

कॉर्डेलियाची एम्प्रेस १९९० सालची, मुळात रॉयल कॅरिबियनचीच बोट. ती २०२१ पासून मुंबईहून चालते. व्हिसाची कटकट नाही, जेवण आपल्या जिभेचं, जैन जेवणही मिळतं. सत्तरीच्या पुढच्या माणसांना पहिल्यांदा बोटीवर न्यायचं असेल तर हा पर्याय वाईट नाही. पण खोल्या लहान, बाल्कन्या थोड्या, आणि वीकेंडच्या गोवा फेरीला रात्री उशिरापर्यंत नाच-गाणं जोरात असतं. शांतता हवी असेल तर लक्षद्वीपची किंवा आठवड्याच्या मधली फेरी बघा. पुण्याहून जाताना बोरघाटात ट्रॅफिक अडकलं तर बोट थांबत नाही. आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा, सिंगापूरच्या बाबतीतही एक दिवस आधीच पोचा.

फायद्यांच्या यादीला फार भुलू नका. ड्रिंक्स पॅकेज तर बघूच नका. रॉयलवर दारूचं पॅकेज केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, शिवाय सुट्या प्रत्येक ड्रिंकवर १८ टक्के टिप वेगळी लागते. पाणी, चहा, साधी कॉफी बफेवर फुकट असते. लॉयल्टी क्लबचे पॉइंट रात्रींवर मोजतात. रॉयलवर चार पेयं फुकट मिळायला डायमंड पातळी लागते, म्हणजे ८० पॉइंट, आणि साध्या केबिनला एका रात्रीचा एक पॉइंट. त्यासाठी बोट निवडण्यात अर्थ नाही, पण मेंबर नंबर बुकिंगमध्ये घालायला सांगा.

काही सुट्या गोष्टी, सुचतील तशा. घरची इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, रॉयलवर सामान तपासताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. दिवाळीचा फराळ न्यायचा असेल तर दुकानातला सीलबंद नेलेला बरा, घरचा उघडा डबा अडवला जाऊ शकतो. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा, कारण बोट मलेशियाला जाऊन परत येते तेव्हा तुम्ही दुसऱ्यांदा आत येता. परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आधीच घेतला जाणारा कर, कापतो. ज्यांच्या पॅनवर कापला त्यांच्या आयकर खात्याकडच्या करनोंदीत तो दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. आमच्या ऑफिसने तोही भलत्याच पॅनवर टाकला होता, त्यामुळे पावतीवरचा पॅन आजच तपासा.

सासऱ्यांचे गुडघे दुखतात असंही तुम्ही लिहिलंय. मग रूट बघताना बंदर कुठलं आहे ते बघा. पेनांग आणि पोर्ट क्लांगला बोट धक्क्याला लागते, उतरायला सोपं. फुकेतला बऱ्याचदा मोठी बोट समुद्रातच थांबते आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकताना वयस्कर माणसांना अवघड जातं, आणि लाटा मोठ्या असतील तर व्हीलचेअरवाल्यांना नेतच नाहीत. पेनांगवाली फेरी मिळत असेल तर तीच घ्या. दोन्ही केबिन लिफ्टपासून फार लांब नकोत, एकाच मजल्यावर हव्यात, हेही नोंदवून घ्या. ‘गॅरंटी केबिन’ म्हणून स्वस्त देत असतील तर नको म्हणा, त्यात खोली कुठली द्यायची ते कंपनी ठरवते.

कन्फर्मेशन हातात आलं की नाव आणि बुकिंग नंबर झाकून त्याचा फोटो इथे टाका. कुठल्या ओळीत काय हवं, काय राहिलंय ते मी बघून सांगते.