राज्याने सोन्याचं खर्च करता येईल असं चलन काढावं का?

प्रश्न इंदूरहून आला आहे, म्हणून आधी इथला कायदा. मध्य प्रदेश असं चलन काढूच शकत नाही. चलन आणि नाणी हा विषय घटनेच्या संघसूचीत, नोंद ३६ मध्ये येतो. होळकरांची टांकसाळ होती ती संस्थानाच्या काळात.

अमेरिकेतल्या राज्यांनाही स्वतः नाणी पाडता येत नाहीत, पण तिथे एक वाट मोकळी आहे. तिथल्या घटनेप्रमाणे राज्याला फक्त सोन्याचांदीची नाणीच कायदेशीर चलन ठरवता येतात. यूटाने २०११ मध्ये तसा कायदा केला, टेक्सासने २०२५ मध्ये.

बाजू भक्कम आहे ती तिजोरी-खात्याची. तुमचं सोनं शुद्धता तपासून तिजोरीत जातं आणि खात्यावर वजन जमा होतं. कार्ड लावलं की तेवढंच सोनं त्या क्षणी विकलं जातं आणि दुकानदाराला रोजचं चलन मिळतं. ग्रॅमला १०,००० रुपये धरले, तर इंदूरच्या सराफा बाजारात खायला मिळणाऱ्या १०० रुपयांच्या भुट्ट्याच्या किसाला १० मिलिग्रॅम. एवढा कण हातात धरता येत नाही, सांडला तर गेलाच. म्हणून खातंच हवं. सोन्याचा भाव वरखाली होतो, पण दीर्घकाळात बचत महागाईत सहसा झिजत नाही, आणि हवी तेव्हा मोडताही येते. मला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो.

घोडं अडतं ते करावर. आपल्याकडे सोनं घेताना ३ टक्के जीएसटी, आणि नफ्यात असलेलं सोनं खर्चलं की दर वेळी भांडवली नफ्याचा हिशेब. शिवाय खरेदी-विक्रीच्या दरातला फरक. करसूट नसेल तर कार्ड खिशातच राहील. आणि तिजोरीतलं सोनं खातेदाराच्या नावावर वेगळं ठेवलेलं, बाहेरच्या लेखापरीक्षकाने मोजलेलं हवं. नाहीतर ती नुसती पावती.