आधी काटा, मग भाव : कार्बन बाजाराचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा प्रबंधाचा आराखडा, दोन्ही लक्षपूर्वक वाचले. कार्बन उत्सर्जन घटवण्यासाठी बाजाराधारित धोरणे योग्य की अयोग्य, हा वाद तू विषय म्हणून घेतला आहेस आणि पहिल्याच प्रकरणात दोन्ही पक्ष समोरासमोर उभे करून निवाडा करण्याचा तुझा विचार दिसतो. ही मांडणी तू बदलावीस, असा माझा आग्रह आहे. बाजार हवा की सरकारी नियम हवा, असा प्रश्न विचारला की उत्तर बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या राजकीय कलावर ठरते. कार्बनचा बाजार आपोआप उभा राहत नाही. हवेत किती वायू सोडायचा याची मर्यादा सरकार घालते, परवाने सरकार देते, मोजमापाचे नियम सरकार करते आणि परवान्यांपेक्षा जास्त उत्सर्जन करणाऱ्याला दंडही सरकारच करते. खरेदी-विक्री हा त्या यंत्रणेचा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग असतो. म्हणून एखादी योजना कशी आहे हे तिच्या नावावरून कळत नाही. मर्यादा किती कडक आहे, मोजतो कोण, चुकवणाऱ्याचे काय होते आणि जमा झालेला पैसा कुठे जातो, हे पाहिल्याशिवाय तिच्या बाजूने किंवा विरोधात लिहू नये.

सिद्धांताचा भाग तुला ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. दुसऱ्यावर लादलेल्या नुकसानीइतका कर लावावा, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये मांडली. किंमत ठरवून प्रमाण सोडून द्यावे (म्हणजे कर) की प्रमाण ठरवून किंमत सोडून द्यावी (म्हणजे परवाने), याचा निकष अर्थशास्त्रज्ञ वाइट्समन यांनी १९७४ मध्ये दिला. दोन्हींच्या मुळाशी एकच साधे निरीक्षण आहे : एक टन उत्सर्जन टाळायला एका कारखान्याला जेवढा खर्च येतो, तेवढाच शेजारच्या कारखान्याला येत नाही, तेव्हा ज्याला स्वस्तात जमते त्याने जास्त कमी करावे आणि बाकीच्यांनी त्याला मोबदला द्यावा. हे निरीक्षण खरे आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने औष्णिक वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडसाठी असा बाजार उभा केला, १९९५ पासून तो चालू झाला आणि आम्लवर्षा घडवणारे उत्सर्जन अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी खर्चात घटले. मात्र त्या यशात रेल्वे वाहतुकीवरील निर्बंध उठल्यामुळे स्वस्त झालेल्या, कमी गंधकाच्या कोळशाचाही मोठा वाटा होता, हे लिहायला विसरू नकोस. बाजाराचे समर्थक हे वाक्य सहसा गाळतात.

युरोपच्या कार्बन परवान्यांच्या बाजार-योजनेवर मात्र तू एक पूर्ण प्रकरण खर्च करावेस, कारण अपयश आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी तिथे उघड्यावर घडल्या. योजना २००५ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यातले परवाने जवळपास सगळे फुकट वाटले गेले आणि किती वाटायचे हे देशांनी मुख्यतः आपापल्या उद्योगांनी दिलेल्या अंदाजांवरून ठरवले, कारण कारखानानिहाय तपासलेली आकडेवारी तोवर नीटशी उपलब्ध नव्हती. एप्रिल २००६ मध्ये परवान्याचा भाव टनाला ३० युरोच्या आसपास होता. त्याच सुमारास पहिल्या वर्षाचे खरे आकडे बाहेर आले, उत्सर्जनापेक्षा परवानेच जास्त असल्याचे दिसले आणि भाव पाहता पाहता कोसळला. हे परवाने पुढच्या टप्प्यात वापरता येत नसल्यामुळे २००७ संपेपर्यंत त्यांची किंमत शून्याला टेकली. मधल्या काळात कित्येक वीजकंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची बाजारभावाने होणारी किंमत विजेच्या दरात धरली आणि ग्राहकांकडून वसूल केली. पुढे २००८ च्या मंदीने उत्पादन घटले, परवान्यांचा ढीग साचला आणि २०१३ मध्ये भाव ५ युरोच्याही खाली गेला. त्या वेळी ही योजना मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नव्हती.

तरीही योजना टिकली, ती नियम बदलल्यामुळे. वीजकेंद्रांना २०१३ पासून बहुतांशी लिलावातून परवाने घ्यावे लागले, २०१९ पासून जादा परवाने बाजारातून काढून राखीव ठेवण्याची व्यवस्था झाली आणि दरवर्षी एकूण मर्यादा किती घटणार हे कायद्यातच लिहिले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये भावाने प्रथमच १०० युरोचा टप्पा ओलांडला, आणि त्या वर्षी योजनेखालील उत्सर्जन २००५ च्या तुलनेत सुमारे ४७ टक्क्यांनी खाली होते. यातले किती श्रेय बाजाराचे आणि किती पवन व सौर ऊर्जेला स्वतंत्रपणे दिलेल्या पाठबळाचे, यावर अभ्यासक अजून भांडतात. तूही ते श्रेय एकाच खात्यावर जमा करू नकोस. माझे मत विचारशील तर, युरोपकडून घेण्यासारखी गोष्ट भाव नसून दरवर्षी घटत जाणारी, आधीच जाहीर केलेली मर्यादा ही आहे.

आता मोजमापाकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्याकडचा खरा प्रश्न तिथे आहे. ऊस कितीही चांगल्या भावाने गेला तरी काटा मारलेला असेल तर शेतकऱ्याच्या हाती काय पडते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कार्बनच्या भावाचेही तसेच आहे. गुजरातमध्ये २००९ ते २०११ या काळात एस्तेर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी केलेला प्रयोग तू मुळातून वाच. कारखान्यांचे प्रदूषण तपासणारे लेखापरीक्षक कारखान्यानेच निवडायचे आणि त्यांची फीही कारखान्यानेच द्यायची, अशी तिथली पद्धत होती. त्यांच्या अहवालांत चिमणीतल्या धूलिकणांचे आकडे कायदेशीर मर्यादेच्या किंचित खाली येऊन दाटी करत. त्याच चिमण्या स्वतंत्रपणे तपासल्यावर कित्येकांचे आकडे मर्यादेच्या पुष्कळ वर निघत. काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, त्यांचे पैसे एका सामाईक निधीतून दिले आणि त्यांच्या कामाची फेरतपासणी ठेवली, तेव्हा आकडे खरे येऊ लागले आणि कारखान्यांचे प्रदूषणही घटले. यात बाजार कुठेच नव्हता. फक्त मोजणाऱ्याचे पैसे कोण देतो, एवढे बदलले होते.

त्याच गुजरातमध्ये सुरतला २०१९ पासून धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला. उधना, लिंबायत भागांत राहणाऱ्या आपल्या खानदेशी माणसांपैकी कितीतरी जण ज्या कापड-रंगाईच्या उद्योगावर पोट भरतात, त्याच उद्योगातल्या कोळसा जाळणाऱ्या बॉयलरांच्या चिमण्या या योजनेखाली आल्या. प्रत्येक चिमणीवर सतत मोजणारे यंत्र बसवले गेले, बहुतेक परवाने फुकट दिले पण काही लिलावाने विकले, आणि नियम मोडल्यास कापून घेण्यासाठी अनामत आधीच जमा करून घेतली. अभ्यासात दिसले ते असे, की बाजारात असलेल्या कारखान्यांचे उत्सर्जन बाहेरच्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले आणि ते कमी करण्याचा खर्चही घटला. हा कार्बनचा बाजार नव्हे, हे खरे. तरी आपल्या हवामानात, आपल्या यंत्रणेत आणि आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांच्या हातून असा बाजार चालू शकतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. आधी मोजणी उभी राहिली, मग व्यवहार सुरू झाला, हा क्रम मात्र नजरेआड करू नकोस.

याच्या उलट टोकाचे उदाहरण क्योटो करारातल्या ‘स्वच्छ विकास यंत्रणे’त सापडते, आणि त्यात भारत व चीन दोन्ही होते. तिथे विकसनशील देशांत उत्सर्जन टाळले की टाळलेल्या प्रत्येक टनामागे एक क्रेडिट, म्हणजे विकता येणारे प्रमाणपत्र, मिळे आणि श्रीमंत देश ते विकत घेत. शीतकरणासाठी लागणारा एचसीएफसी-२२ हा वायू तयार करताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा वायू आपोआप निघतो. करारातल्या हिशेबाने त्याचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन. तो जाळून टाकायला खर्च फारच थोडा येई, आणि जाळल्याबद्दल मिळणारी क्रेडिट मात्र युरोपात चांगल्या भावाने विकली जात. परिणामी मूळ मालापेक्षा त्याचा कचरा जाळण्यातच जास्त कमाई होऊ लागली, आणि मग कचरा वाढावा म्हणून मालाचे उत्पादन वाढवण्याचा मोह उभा राहिला. युरोपने २०१३ मध्ये ही क्रेडिट स्वीकारणे बंद केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली येथे अशा एचएफसी वायूंवर आंतरराष्ट्रीय वाटाघाटी चालू असताना भारत सरकारने आपल्या उत्पादकांना सरळ आदेश दिला, की एचएफसी-२३ स्वतःच्या खर्चाने जाळावा. ज्या कामासाठी बाजाराने वर्षानुवर्षे पैसे मोजले, ते एका आदेशाने झाले. बाजाराच्या विरोधकांकडे असलेला हा सर्वांत जड पुरावा आहे आणि समर्थक म्हणून लिहितानाही तो तू आपणहून पुढे ठेवला पाहिजेस.

आपल्या देशाची योजना आता नेमकी या वळणावर आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना लक्ष्ये नेमून दिली गेली. ही लक्ष्ये एकूण उत्सर्जनाची नाहीत; एक टन मालामागे किती उत्सर्जन, या तीव्रतेची आहेत. फरक समजण्यासाठी कागद-पेन्सिल घे. समज, गडचांदूरच्या पट्ट्यातल्यासारखा एक सिमेंट कारखाना आहे. त्याचे लक्ष्य टनामागे ०.७० टन, उत्पादन १० लाख टन, म्हणजे उत्सर्जन ७ लाख टन. त्याने क्लिंकरचे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीच्या मूळ मालाचे, प्रमाण घटवून, राख जास्त मिसळून तीव्रता ०.६६ वर आणली आणि उत्पादन १२ लाख टनांवर नेले. टनामागे वाचलेल्या ०.०४ टनाच्या हिशेबाने त्याला ४८ हजार क्रेडिट विकायला मिळतील. त्याच वेळी त्याचे एकूण उत्सर्जन ७ लाख ९२ हजार टन होईल. वाढत्या देशाला घरे आणि रस्ते बांधायचे आहेत, त्यामुळे आज तीव्रतेचे लक्ष्य ठेवण्यात मला गैर वाटत नाही. परंतु एकूण मर्यादा कोणत्या वर्षापासून लागू होणार हे आत्ताच जाहीर व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. नाहीतर क्रेडिटचा व्यवहार जोरात चालेल आणि वातावरणातला वायू वाढतच राहील. दुसरे, सैल लक्ष्यांचा अनुभव आपल्याकडे आधीच आहे. लक्ष्यापेक्षा जास्त ऊर्जा वाचवणाऱ्या कारखान्यांना जी विकता येणारी ऊर्जा बचत प्रमाणपत्रे मिळत, त्यांच्या पहिल्या फेरीत सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रे दिली गेली आणि विकत घ्यावी लागणाऱ्यांची गरज सुमारे १४ लाखांची होती. असा बाजार भाव धरणार कसा? वीजनिर्मिती केंद्रे नव्या योजनेच्या यादीत नाहीत, हेही नोंदव. देशातला सर्वाधिक कोळसा तिथेच जळतो.

नैतिक आक्षेपाला तू आराखड्यात दोनच ओळी दिल्या आहेस. त्याला जास्त जागा दे. कार्बन डायऑक्साइडचा एक टन चंद्रपुरात निघाला काय किंवा रोटरडॅमला निघाला काय, तापमानावर होणारा परिणाम सारखाच, म्हणून त्याच्या अदलाबदलीला आधार आहे. पण त्याच चिमणीतून निघणारी राख आणि गंधक आजूबाजूच्या वस्तीवर उतरतात. कारखान्याने क्रेडिट विकत घेऊन कोळसा जाळणे चालूच ठेवले, तर हिशेबात पृथ्वी वाचते आणि शेजारच्या वस्तीतली मुले खोकत राहतात. कॅलिफोर्नियात २०१३ पासून चाललेल्या बाजारावर तिथल्या गरीब वस्त्यांचा हाच मुख्य राग आहे. स्थानिक प्रदूषणाचे नियम बाजाराच्या जोडीला तितकेच कडक राहिले पाहिजेत, यात मला तडजोड दिसत नाही.

आणि पैसा. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर लावला तेव्हा करपद्धतीच्या मोठ्या फेररचनेत दुसरे कर कमी केले, आणि तो कर आजही आहे. फ्रान्समध्ये २०१८ च्या हिवाळ्यात इंधनावरचा वाढता कर गावोगावच्या मोटारीवर अवलंबून असलेल्या लोकांना असह्य झाला आणि सरकारला वाढ थांबवावी लागली. कॅनडाने कुटुंबांच्या खात्यात परतावा थेट जमा केला, तरी एप्रिल २०२५ मध्ये ग्राहकांवरचा कर शून्यावर आणावा लागला. परतावा मिळतो हे लोकांपर्यंत नीट पोचलेच नव्हते. आपल्याकडे २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या भरपाईत विलीन झाला. तोवर सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले होते, आणि त्यांतले ३० हजार कोटींहून कमी स्वच्छ ऊर्जा निधीकडे वळवले गेले. कोळसा खाणींच्या गावांना त्यातून काय मिळाले, हा प्रश्न तू लेखी विचारावास, अशी माझी फार इच्छा आहे. खाणी बंद होतील तेव्हा सर्वांत आधी रोजगार त्यांचाच जाणार आहे.

आता पुढच्या महिन्यासाठी काम. ऑक्टोबर २०२५ ची राजपत्रातली अधिसूचना उतरवून घे आणि तिच्या तक्त्यांतून चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतले सिमेंट कारखाने शोधून काढ. प्रत्येकाची २०२३-२४ ची मूळ तीव्रता आणि २०२६-२७ चे लक्ष्य शेजारी शेजारी लिही, टक्केवारी काढ, आणि उत्पादन दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले असे धरून एकूण उत्सर्जन किती होते ते पाहा. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतल्या आकड्यांशी ते ताडून बघ आणि जिथे मेळ बसत नाही तिथे लाल खूण कर. तो तक्ता मला पाठव; पहिले प्रकरण आपण त्यावरूनच नव्याने लिहायला घेऊ.

तुझा,
मार्गदर्शक