आधी चेंडू, मग राक्षस

प्रिय मुली,

थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या क्लासवाल्यांनी फी लाखाच्या घरात सांगितली आणि वर नोकरीची हमी दिली, भरू का, असं तू विचारलंस. आत्ता भरू नकोस. ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि फुकट आहे म्हणून त्याला हलकं समजू नकोस. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसने 'फ्लो' हा अख्खा चित्रपट ब्लेंडरवर केला आणि २०२५ मध्ये ऑस्कर नेलं. मोठ्या स्टुडिओंत माया हे दुसरं सॉफ्टवेअर जास्त चालतं, हे खरं. पण एकावर हात बसला की दुसऱ्याची बटणं शिकणं अवघड नाही.

तू पाठवलेला राक्षस पाहिला. कातडी झकास जमलीय, शिंगांवरचा उजेडही छान. पण तो चालतो तेव्हा पाय जमिनीला नुसते चाटून जातात. एवढ्या देहाला वजनच नाही.

म्हणून राक्षस महिनाभर बाजूला ठेव आणि चेंडू उसळव. हसू नकोस. तू दोन पोझ दिल्यास की मधल्या फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, कॉम्प्युटर भरतो, सेकंदाला २४. पण तो दोन्ही टोकांना वेग आपणहून कमी करतो, त्यामुळे चेंडू जमिनीजवळ येताना पाण्यात बुडाल्यासारखा मंदावतो. खरा चेंडू वर रेंगाळतो आणि खाली सर्वात जोरात येतो. ग्राफ एडिटर उघड, तिथे हालचाल रेघांत दिसते. उंचीची रेघ वरच्या टोकाला गोल हवी आणि जमिनीवर टोकदार. मग त्याच फाईलमध्ये एक लोखंडी गोळा कर आणि एक फुगा. आकार तोच, रंग तोच, फरक फक्त रेघांचा. बघणाऱ्याला न सांगता कोण कोणता ते कळलं, तर पुढे जा.

पुढे म्हणजे आखाड्यात. कुस्त्यांना आपल्याकडे तोटा नाही, बेळगावच्या आनंदवाडीत जा नाहीतर गावच्या जत्रेत. मोबाईल एका जागी टेकवून बाजूने शूट कर आणि घरी एकेक फ्रेम सरकवत बघ. समोरच्याला उचलण्याआधी पैलवान आधी खाली जातो. जोर पायांतून कमरेत, तिथून खांद्यात येतो. मनगट सगळ्यात शेवटी. उचलण्याआधीचं ते खाली जाणं तुझ्या राक्षसात कुठेच नाही. डिस्नेच्या चित्रकारांनी हाताने चित्रं काढताना असेच नियम बसवले होते. जॉन लॅसेटरने १९८७ मध्ये ते थ्रीडीला कसे लावायचे यावर निबंध लिहिला, आणि १९९५ मध्ये त्याच्याच दिग्दर्शनाखाली पिक्सारचा 'टॉय स्टोरी' आला. तो निबंध शोधून वाच. इंग्रजी सोपं आहे.

खऱ्या माणसाची हालचाल थेट टिपणारं मोशन कॅप्चर आल्यावर हे कशाला शिकायचं, असं कुणी म्हणेल. सूट घालून टिपलेल्या हालचालीतही पाय घसरतात, हात पोटात घुसतात. ते निस्तरायला माणूसच बसतो, आणि वजन कळणारा बसला तरच निस्तरतं.

सोनीच्या २०१८ च्या 'स्पायडर-व्हर्स' या चित्रपटातला जंगलातला प्रसंग जरूर बघ. नवखा माइल्स बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १२ चित्रांत हलतो आणि त्याचा अनुभवी सोबती २४ मध्ये. पोरगं अडखळतंय हे संवादाविना कळतं. असा निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही.

आता नोकरी. बेंगळुरूला पहिली जागा बहुधा रोटोची मिळेल, म्हणजे नटाची कड फ्रेमागणिक कापत बसायचं. त्यात कमीपणा नाही, डोळा तयार होतो. पण संध्याकाळचा तास अ‍ॅनिमेशनला राख, नाहीतर पाच वर्षांनीही कडाच कापत राहशील. मोठ्या नावावर विसंबूनही राहू नकोस. टेक्निकलर ही इफेक्ट्स करणारी मोठी कंपनी २०२५ च्या फेब्रुवारीत कोसळली, तेव्हा बेंगळुरूतले शेकडो कलाकार एका झटक्यात घरी बसले. सीमेवरच्या पोरांचं एक बरं असतं, कन्नड येत असल्याने राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून बेंगळुरू गाठता येतं आणि मराठीवर पुण्या-मुंबईतही निभतं. दोन्हीकडे अर्ज टाक.

अर्जासोबतची रील, म्हणजे तुझ्या कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ, मिनिटभराचीच कर. सुरुवातीला नावाचं फिरतं बोधचिन्ह नको, सगळ्यात चांगला शॉट पहिला लाव. ज्यात मॉडेल किंवा रिग (पात्र हलवायचा आतला सांगाडा) दुसऱ्याचं असेल तिथे तसं लिही.

चेंडू, गोळा आणि फुगा झाले की पाठव. नुसता व्हिडिओ नको, ब्लेंडरची मूळ फाईल पाठव. मला रेघा बघायच्यात.

तुझा,
काका